हॉर्न वाजला की उतरायचं

माझा नवरा मिनीबस चालवतो आणि माझी मुलगी सायकल. दोघंही एकाच रस्त्यावर. आता दिवसभर माझ्या डोक्यात काय चालत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

रस्ता म्हणजे आमचा कानेंगोचा हायवे. लिलाँग्वे शहरात शिरणारा निम्मा माल याच रस्त्याने येतो. तंबाखूचे लिलाव सुरू झाले की गठ्ठे लादलेले ट्रक एकामागून एक धावतात, त्यांच्या फटींतून मिनीबसवाले घुसतात, आणि मधूनच साहेबलोकांच्या उंच पांढऱ्या गाड्या, ज्यांच्या काचा कधी खाली होत नाहीत. डांबराच्या कडा पावसाने खाल्ल्यात. डांबर संपलं की एकदम वीतभर खाली माती, आणि त्याला लागून उघडा नाला. सायकलवाल्याने जायचं कुठून, हे रस्ता बांधणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

"अगं, नियम सोपा आहे," माझा नवरा लायसन म्हणतो. "हॉर्न वाजला की उतरायचं. डांबर सोडायचं, मातीत जायचं, गाडी गेली की परत वर यायचं. त्यात काय एवढं?"

हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, मला दाखवा. पण या शहरात लहान पोरालाही तो पाठ आहे. हॉर्न म्हणजे इथे सूचना नाही, हुकूम आहे. डोक्यावर पिठाचं पोतं असो, पाठीशी तान्हं पोर असो, हॉर्न वाजला की उतरायचं! आणि नाही उतरलं तर? तर दोष उतरला नाही त्याचा.

तरी खोटं कशाला बोलू, सायकलसारखं सुख नाही. मी रोज सकाळी मांडासी तळते आणि तो गोड वड्यांचा टोप कॅरिअरला बांधून चौकात विकायला नेते. पुढे मी, मागे तिच्या सायकलवर यांखो, माझी मुलगी. आमच्या वस्तीपासून चौकापर्यंत उतार आहे. आमच्याकडे थंडी जूनमध्ये, ती गालाला झोंबते, पोरीने शाळेचा निळा स्कर्ट मांडीखाली दाबून धरलेला असतो, पायडल मारावंच लागत नाही. त्यातून गाड्या तुंबलेल्या असल्या तर मग काय विचारता! पांढऱ्या गाडीतला साहेब घड्याळ बघत बसलेला असतो आणि यांखो मुद्दाम त्याच्या काचेपाशी घंटी वाजवून पुढे सटकते. "आई, बघितलंस का त्याचं तोंड?" असं ओरडते. मी तिला रागावते, पण हसूही आवरत नाही. त्या उतारावर अख्ख्या शहरात आमच्याइतकं मोकळं कोणी नसतं.

उतार संपतो आणि सुख संपतं. कारण शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे, पिठाच्या गिरणीच्या मागे. तिथे उजवीकडे वळायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या पुढ्यात जायचं. गेल्या पावसाळ्यात ब्रेड पोचवणारा म्वाले तिथेच गेला. ब्रेडच्या लाद्या रस्ताभर पसरल्या होत्या आणि मागच्या गाड्या त्यांच्यावरून गेल्या. यांखोच्या वर्गातली मुलगी तिथेच ट्रकखाली सापडली, तिचा पाय काढावा लागला. ती आता शाळेत येत नाही.

मी रस्त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले होते. एक गतिरोधक टाका म्हटलं, बाकी काही मागत नाही. तिथला साहेब मला समजावून सांगू लागला, "बाई, गतिरोधक टाकला तर गाड्यांचा वेग कमी होईल."

"साहेब, मी त्याच्याचसाठी आलेय," मी म्हटलं.

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

लायसनचं एकच टुमणं होतं, सायकल विकून टाक. पण यांखोचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. पायी निघाली तर पोचेपर्यंत फाटक बंद होतं, आणि उशीर झालेल्या पोरींना परत पाठवतात. बापाच्या मिनीबसमधून जावं म्हणाल, तर मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आणि सकाळी ती भरते शहराच्या त्या टोकाला. सायकल गेली तर शाळा गेली, इतकं सरळ होतं ते. यांखोला नर्स व्हायचंय. ती नर्स व्हावी असं मला तिच्याहून जास्त वाटतं.

मग एक दिवस चौकाजवळच्या घरातली म्हातारी वारली. आमच्याकडे मयताचं घर जवळ असलं की रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकतात. फांद्या दिसल्या की कितीही माजलेला ड्रायव्हर असो, गाडी सावकाश करतो, गाणी बंद करतो, डोक्यावरची टोपी काढतो. लिलावाचे ट्रकसुद्धा त्या दिवशी पाय न वाजवता चालल्यासारखे गेले. संध्याकाळी यांखो घरी आली ती उड्या मारतच.

"आई, आज मी सायकल हातात धरून निवांत रस्ता ओलांडला. सिमेंटचा एवढा मोठा ट्रक, तो माझ्यासाठी थांबला! रोज कोणीतरी मरायला पाहिजे बघ तिथे."

"थोबाड फोडीन," मी म्हटलं. "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?"

तिला गप्प केलं, पण मीच गप्प बसू शकले नाही. रात्रभर तेच डोक्यात. मेलेल्या बाईसाठी हे थांबतात. जिवंत पोरीसाठी का थांबत नाहीत? तिने असं काय कमी केलंय? फक्त मेली नाही एवढंच ना!

दुसऱ्या दिवशी मांडासीच्या टोपावर मी निलगिरीच्या फांद्यांचा भारा बांधला. चौकात पोचल्यावर शाळेच्या वेळेला फांद्या रस्त्यावर टाकल्या, इकडे थोड्या, तिकडे थोड्या. आणि काय सांगू तुम्हाला! पहिली मिनीबस आली, हळू झाली. ट्रक आला, हळू झाला. पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेमागचं तोंड पाहिलं. शाळेची पोरं, भाजीवाल्या, सायकलवर कोंबड्या टांगून बाजाराला निघालेले, सगळे पलीकडे गेले. पोरं गेल्यावर मी फांद्या उचलून नाल्याकाठी ठेवल्या.

मग रोजचंच झालं. एका संध्याकाळी लायसन जेवताना म्हणाला, "त्या चौकात कोणाचं एवढं मोठं मयत आहे गं? केव्हापासून फांद्या पडतायत. मी आज गाणी बंद केली, टोपी काढली, पॅसेंजरांना पण गप्प केलं. कोणीतरी मोठा माणूस असणार."

"असेल," मी म्हटलं आणि त्याच्या ताटात मक्याच्या पिठाचा न्सिमा आणखी वाढला. यांखो पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पळाली.

माझं चुकलं कुठे, तर आपली माणसं मी विसरले. ड्रायव्हर टोपी काढून पुढे जातो, पण बायका? मयत कळलं आणि पीठ घेऊन गेली नाही अशी बाई आमच्या भागात सापडायची नाही. एका सकाळी बघते तर गोगो एसिमे, चर्चमधल्या बायकांची म्होरकी, सगळ्यांची आजी, डोक्यावर मक्याच्या पिठाची थाळी घेऊन समोरून येतेय. मागे पाच-सहा बायका, कोणाच्या डोक्यावर सरपण, कोणाच्या पाण्याचा हंडा. फांद्यांपाशी आल्या, इकडेतिकडे बघितलं, मयताचं घर काही दिसेना. तेव्हा म्हातारी माझ्या टोपाशेजारीच पाय पसरून बसली आणि तिने गळा काढला. मग बाकीच्यांनीही काढला.

"गोगो, अहो गोगो, थांबा!" मी तिचा हात धरला.

"कोण गेलं गं यांखोच्या आई? कुठलं घर? आम्ही किती दिवस वाट पाहिली, कोणी सांगायला आलं नाही. रडायला तरी नाव सांग, कोणाच्या नावाने रडू?"

मी खरं ते सांगितलं. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. एकीने पिठाची थाळी छातीशी धरली, जशी काही मी ती चोरणार होते. गोगो एसिमे उठली, लुगडं झटकलं, थाळी पुन्हा डोक्यावर घेतली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी मुखियाचं बोलावणं आलं. मुखिया कालिम्बा आंब्याच्या झाडाखाली खुर्चीवर, आम्ही खाली. लायसनला मिनीबस सोडून यावं लागलं होतं, त्यामुळे तो आधीच तापलेला.

"फांद्या टाकल्यास," मुखिया म्हणाला. "मेलं कोण?"

"अजून कोणी नाही."

"अजून?"

"मुखिया, म्वाले मेला तेव्हा तुम्ही सगळे आलात. रस्ता अडवून त्याची शवपेटी नेलीत. एकाही गाडीने हॉर्न वाजवला नाही. आदल्या दिवशी तोच म्वाले सायकलवर होता तेव्हा कोण थांबलं? मी म्हणते, माझ्या पोरीला मेल्यावर जो मान देणार तो आत्ता द्या. नंतर तुमच्या टोप्या काढण्याचं मी काय करू?"

बायकांमधून कोणीतरी हुंकार दिला. मुखियाने मान हलवली. माणूस वाईट नाही तो. "तुझं दुखणं मला कळतं," तो म्हणाला. "पण तू मृत्यूला खोटी हाक मारलीस. उद्या खरं मयत झालं आणि कोणी थांबलं नाही तर? फांदीचा शब्द मोडला की आपल्याकडे राहिलं काय? एक कोंबडी दंड. आणि फांद्या बंद."

घरी येताना लायसन सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. "मी टोपी काढली! तुझ्या पायी मी रिकाम्या रस्त्यापुढे टोपी काढली! ड्रायव्हर लोक मला हसतील."

"हसू देत. हसून कोणी मरत नाही."

"आणि पोरगी तरी उतरत का नाही? हॉर्न वाजला की उतरायचं, एवढं साधं तिला शिकवता येत नाही तुला?"

कोंबडी दिली. फांद्या बंद केल्या. मुखियाच्या शब्दापुढे मी गेले नाही, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचंही खरं आणि माझंही खरं, आणि चौकात पुन्हा ट्रक सुसाट.

त्याच आठवड्यात झालं ते. मी टोप उतरवत होते. यांखो उतारावरून आली, उजवा हात बाहेर काढला, मागे वळून बघितलं, सगळं शिकवल्यासारखं केलं. मागून दोन मिनीबस एकमेकींना मागे टाकायला बघत होत्या, थांब्यावरचे पॅसेंजर आधी कोणाला मिळतात म्हणून. हॉर्न वाजला. यांखो उतरली नाही. उतरणार कुठे? खाली मातीत एक बाई पाठीला पोर बांधून चालली होती. पुन्हा हॉर्न वाजला, आणि मिनीबसच्या कडेचा पत्रा सायकलच्या हँडलला लागला. सायकल एकीकडे, पोरगी नाल्यात.

मिनीबस थांबलीसुद्धा नाही. दाराला लटकलेल्या कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली आणि मागे वळून ओरडला, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का गं?"

मी पळत होते, तरी मान वर केली तेव्हा मागची काच दिसली. तिच्यावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, "देव सोबत आहे". ती अक्षरं मी रोज पहाटे आमच्या दारात बघते. तो रंग देताना डबा मी धरला होता.

यांखोचं मनगट मोडलं. गुडघे सोलले. डोकं वाचलं, ते नाल्यातल्या चिखलाने. माझी पोर रडली नाही. म्हणाली, "आई, माझी वही भिजली का बघ." दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत दुपार टळली. शेजारीण म्हणाली, तिच्या बापाला फोन कर. मी नाही केला. मुद्दामच नाही केला. मला बघायचं होतं, हा माणूस घरी येऊन काय सांगतो.

संध्याकाळी लायसन आला. खुशीत होता. हात धुतले, चटईवर बसला, घेवड्याच्या कालवणात न्सिमाचा घास बुडवला. यांखो आतल्या खोलीत पडली होती.

"आज धंदा चांगला झाला," तो म्हणाला. "फिंगानीच्या गाडीला मागे टाकलं चौकात. थांब्यावरचे सगळे पॅसेंजर माझे. बघत राहिला बेटा!"

"आणि?"

"आणि काय? एक सायकल मध्ये आली होती. दोनदा हॉर्न दिला, उतरायला तयार नाही. गेली नाल्यात." तो हसला. "ही आजकालची पोरं, हँडल धरता येत नाही आणि हायवेवर येतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी आवाज चढवला नाही. "मुलगी होती का?" मी विचारलं.

"काय माहीत?"

"निळा स्कर्ट होता का?"

"अगं, कोण बघतं? सायकल होती."

"यांखो," मी हाक मारली. "बाहेर ये. बाबा जेवतायत."

ती दारात आली. प्लास्टर घातलेला हात ओढणीत अडकवलेला, गुडघ्यांना औषधाचे लाल डाग. लायसनचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे.

"हे... हे कुठे झालं?"

"चौकात, बाबा," यांखो म्हणाली. ती गाडी कोणाची होती ते तिला तोवर माहीत नव्हतं. आत पडल्या पडल्या तिने नुकतंच ऐकलं होतं. तिचा आवाज अगदी साधा होता आणि तोच मला सहन होईना. "मातीत एक बाई होती. तिच्या पाठीला बाळ होतं. म्हणून मी उतरले नाही."

लायसनने ताट बाजूला सारलं. उठायला गेला, उठता येईना. "मला काय माहीत तू होतीस!" तो म्हणाला. "देवाशपथ, यांखो, मला कळलं असतं तर... मला काय माहीत ती तू होतीस!"

तो रडत होता, खोटं नव्हतं ते. त्याचं पोरीवर प्रेम आहे. कोणालाही त्याची दया आली असती. मला आली नाही. त्याच्या त्या एका वाक्याने मी जितकी पेटले तितकी मिनीबस बघून पेटले नव्हते.

"म्हणजे दुसऱ्या कोणाची असती तर चाललं असतं?" मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाची वाटली म्हणूनच तुम्ही आत्ता हसत जेवत होतात ना? म्वालेला उडवणाऱ्या ड्रायव्हरलासुद्धा माहीत नव्हतं तो कोण होता. घरी जाऊन तोही जेवलाच असेल."

 त्या रात्री आमच्या घरात कोणीच जेवलं नाही.

सकाळी तो माझ्याआधी उठला होता. यांखोचं दप्तर त्याने स्वतः भरलं, वह्या रात्री चुलीपाशी वाळवल्या होत्या त्या एकेक करून आत ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शाळेत मी सोडतो तिला. गाडी रिकामीच नेतो, पॅसेंजर घेत नाही. मालक काय म्हणायचं ते म्हणू दे."

"गाडीतून नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी भिंतीला टेकवलेली तिची सायकल पुढे ओढली. पुढचं चाक पायांत धरून हँडल मीच सरळ केलं होतं. "हिच्यावरून. तिला कॅरिअरवर बसवा आणि चौक ओलांडून शाळेपर्यंत सोडा. मनगट जुळेपर्यंत रोज. मग जा तुमच्या गाडीवर."

"हिच्यावरून?" त्याचा चेहराच उतरला. "त्या रस्त्यावर? या वेळेला, पोरगी मागे बसवून? डोकं फिरलंय का तुझं? मारून टाकतील आम्हाला!"

"कोण?" मी विचारलं.

 बाहेर हायवेवर पहिल्या मिनीबसांचे हॉर्न सुरू झाले होते, आणि यांखो दप्तर गळ्यात अडकवून दारात उभी होती. मागच्या चाकात हवा कमी होती. मी पंप लायसनच्या हातात दिला.